फलकावर ‘शहीद’, फायलीत ‘कॅटेगरी ए’

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून धाकट्या भावाने विचारलं आहे. थोरला भाऊ सैन्यात हवालदार, नोकरी चौदा वर्षांची. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूकडे फील्ड एरियात असताना हृदयविकाराने गेला. वहिनीला पेन्शन सुरू झाली, पण रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे जवानांचे सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या, पत्रात ‘मृत्यूचा लष्करी सेवेशी संबंध नाही’ असा शेरा आहे. गावाने नाक्यावर ‘शहीद’ असा फलक लावला, मग पेन्शन साधी कशी? आई म्हणते, निम्मे पैसे मला मिळायला हवेत. कुणीतरी सांगितलंय की वहिनीने दुसरं लग्न केलं की सगळं बंद. मुलगी सहा वर्षांची. आता काही करता येईल का?

करता येईल. पण आधी तो फलक बाजूला ठेवू. ‘शहीद’ हा शब्द गावाचा आहे, त्यामागचा मानही खरा आहे, पण सैन्याच्या कुठल्याच पेन्शन नियमात तो शब्द नाही. तिथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ असतं, आणि त्याखाली ए ते ई अशा पाच कॅटेगऱ्या. ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्राने त्या ठरवल्या. मी सैन्यात क्लर्क होतो, शेवटची काही वर्षं रेकॉर्ड ऑफिसच्या पेन्शन सेक्शनमध्ये काढली. एका विधवेचं उरलेलं आयुष्य त्या एका इंग्रजी अक्षरावर कसं फिरतं, ते रोज पाहिलं. ते अक्षर मृत्यूनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लिहिलं जातं, आणि त्या आठवड्यांत घरचे लोक दहावं-बारावं, माणसांची ये-जा आणि पुढाऱ्यांचे फोटो यातच असतात. कुणी विचारायला जात नाही. त्यात त्यांची चूक नाही.

ए म्हणजे सेवेशी संबंध नसलेला मृत्यू. बी म्हणजे असा आजार, जो सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला. सी म्हणजे ड्यूटीवरचा अपघात. डी आणि ई मध्ये अतिरेक्यांचा हल्ला, सुरुंग, चकमक, शत्रूशी लढाई वगैरे. ए ला मिळते ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन, बी-सी ला स्पेशल, डी-ई ला लिबरलाइज्ड.

आकडे पाहा, म्हणजे भांडण कशासाठी आहे ते कळेल. उदाहरणासाठी हवालदाराच्या लेव्हल ५ चं सुरुवातीचं मूळ वेतन धरू, २९,२०० रुपये. त्यात मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००. झाले ३४,४००. भावाचं वेतन चौदा वर्षांत याच्या वर गेलं असेल, म्हणजे खरे आकडे थोडे मोठे निघतील. आता ऑर्डिनरी असेल तर पहिली दहा वर्षं ५० टक्के, म्हणजे १७,२००. दहा वर्षं झाली की ३० टक्के, १०,३२०. स्पेशल असेल तर ६० टक्के, २०,६४०, आणि ते दहा वर्षांनी खाली येत नाहीत. लिबरलाइज्ड म्हणजे पूर्ण ३४,४००. या सगळ्यांवर महागाई भत्ता वेगळा.

तुमच्या वहिनीला आज जे मिळतंय ते वाढीव दराचं आहे, म्हणून ‘ठीक चाललंय’ असं वाटतंय. फेब्रुवारी २०३३ नंतर ते एका झटक्यात उतरेल, आणि त्या वेळी मुलगी अजून शिकतच असेल. स्पेशल मिळाली असती तर त्या दिवसापासून हातात नेमकी दुप्पट रक्कम असती. अकराव्या वर्षी बायका पासबुक घेऊन येतात, ‘बँकेने पैसे कापले’ म्हणून. बँकेने काही कापलेलं नसतं. ती तारीख पहिल्याच दिवशी पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, छापलेली असते. घरात कुणी वाचलेली नसते, एवढंच.

आता तुमचं प्रकरण. हृदयविकार म्हटला की ‘हा तर नैसर्गिक मृत्यू, गावात असता तरी झाला असता’ असं लिहून मोकळं व्हायची सवय आहे. नियम तसं म्हणत नाही. सैन्याच्या डॉक्टरांसाठी मार्गदर्शक पुस्तिका आहे. तिच्याप्रमाणे हृदयविकाराच्या प्रकरणात आजार सुरू होण्याआधीच्या चौदा दिवसांत त्या जवानाने काय काय ड्यूटी केली, याचा तक्ता युनिटने द्यायचा असतो. ‘चार्टर ऑफ ड्यूटीज’ म्हणतात त्याला. शिवाय तो फील्डमध्ये, उंचावर किंवा बंडखोरीविरोधी कारवाईत होता का, हेही पाहायचं असतं. त्या दोन आठवड्यांचा हिशोब फायलीत लागला नसेल किंवा ‘नॉर्मल ड्यूटीज’ अशा दोन शब्दांत उरकला असेल, तर शेरा कच्चा आहे.

एक प्रकरण सांगतो, कारण कागद कसा बोलतो ते त्यात दिसतं. आपल्याच किनाऱ्यावरची एक विधवा, नवरा लान्स नायक, आजार हृदयाचा आणि शेरा तुमच्यासारखाच. तिच्याकडे कागद म्हणून एक ट्रंक होती, आणि त्या ट्रंकेत नवऱ्याची छोटी डायरी. माणूस हिशोबी. रोज कॅन्टीनमध्ये काय घेतलं, कुणाला किती उसने दिले, आणि एका कोपऱ्यात ‘ना. गा.’ असं लिहिलेलं. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, नाइट गार्ड. मरणाआधीच्या चौदा दिवसांत नऊ ठिकाणी ‘ना. गा.’. आम्ही त्या नऊ तारखा अर्जात घालून युनिटकडे गार्ड रजिस्टरची नक्कल मागितली. नऊच्या नऊ जुळल्या. युनिटने आधी पाठवलेल्या तक्त्यात यातली एकही रात्र नव्हती. कुणी मुद्दाम वगळल्या असं मी म्हणणार नाही, क्लर्कने मागचा फॉर्म पाहून नवा भरला असणार. हे पाप मीही केलेलं आहे. तिला स्पेशल मिळाली, अडीच वर्षांनी.

म्हणून पहिलं काम हे की भावाची ट्रंक उघडा. डायरी, त्याच्या मोबाईलवरचे मेसेज, शेवटच्या दिवसांत घरी केलेल्या फोनमध्ये तो काय म्हणाला होता, बरोबरच्या जवानांचे नंबर, सगळं. ‘दोन रात्री झोप नाही’ असा एक मेसेज दहा पानी अर्जापेक्षा उपयोगी पडतो.

मग रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून कागद मागवा. पोस्टमॉर्टेम किंवा मृत्यूचा वैद्यकीय अहवाल, वैद्यकीय मंडळाने सेवेशी संबंध आहे-नाही यावर दिलेलं मत, चौदा दिवसांचा तक्ता, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिची नक्कल, आणि भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी. शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. २०१३ मध्ये धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट भरती झाला असं धरायचं, आणि पुढे झालेला आजार सेवेचा नाही असं म्हणायचं तर त्याची कारणं सरकारने द्यायची. तो खटला अपंगत्व पेन्शनचा होता, पण मृत्यूच्या प्रकरणातही त्याचा आधार घेतला जातो. ‘संबंध नाही’ एवढी एकच ओळ हे कारण होत नाही. कागद देत नसतील तर माहिती अधिकारात मागा.

नियमांची एक बारीक गोष्ट. २१ सप्टेंबर २०२३ पासून या विषयाची नवी नियमावली लागू झाली. भावाचा मृत्यू त्याआधीचा आहे, म्हणून तुमच्या अपिलात २००८ चे नियम लागतील. वरच्या ओळीत हे स्पष्ट लिहा. नाहीतर समोरचा क्लर्क नवे नियम लावून उत्तर देईल आणि त्या घोळात वर्ष जाईल.

पहिलं अपील शेरा मिळाल्यापासून सहा महिन्यांत करायचं असतं. तुमची मुदत उलटली आहे, पण उशिराचं कारण लिहून विलंब माफ करून मागता येतो. ‘पत्र इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही’ हे कारण लिहायला लाजू नका, ते खरं आहे. पहिलं अपील फेटाळलं तर दुसरं, आणि तेही गेलं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथे वेळ लागतो, पण पेन्शनचा दावा दर महिन्याला नव्याने उभा राहतो असं न्यायालय मानतं. दावा उशिरा केला म्हणून पेन्शन नाकारली जात नाही, थकबाकी मात्र साधारणपणे दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे उशीर झाला तर हक्क राहतो, पैसा गळतो. गणपती झाले की बघू, शिमगा झाला की बघू, असं करू नका.

लिबरलाइज्ड मागावी का, हेही पुढे कुणी विचारेल. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नाईकाच्या विधवेच्या बाजूने निकाल दिला. तो जवान जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना कडाक्याच्या हवामानाने आजारी पडून गेला होता. तिला आधी स्पेशलच दिली होती, न्यायाधिकरणाने लिबरलाइज्ड दिली आणि केंद्र सरकार त्याविरुद्ध अपिलात गेलं. न्यायालयाने अपील फेटाळलंच, वर विधवेला कोर्टात खेचल्याबद्दल पन्नास हजारांचा खर्च सरकारवर बसवला. पण तो गस्तीवर होता हे लक्षात घ्या. तुमचा भाऊ त्या दिवशी गस्तीवर, नाकाबंदीत किंवा अशाच कारवाईत असेल तर ‘स्पेशल, किंवा पर्यायाने लिबरलाइज्ड’ अशी मागणी अपिलात करा. बॅरेकमध्ये झोपेत गेला असेल तर स्पेशलवरच जोर द्या. जास्त मागितलं की जास्त मिळतं असं इथे नसतं.

आपल्याकडे एक प्रसंग वारंवार घडतो, म्हणून थोडं विषयांतर. जवान गणपतीला सुट्टीवर येतो आणि मुंबई-गोवा हायवेवर मोटारसायकलला अपघात होतो. इथे सगळं यावर अवलंबून की तो कुठून कुठे जात होता. युनिटमधून घरी येताना किंवा परत जाताना वाटेत गेला, तर तो प्रवास ड्यूटीत धरला जातो. १९९९ च्या मदनसिंग शेखावत खटल्यात तर स्वतःच्या खर्चाने घरी येणाऱ्या जवानालाही न्यायालयाने ड्यूटीवर मानलं. पण घरी पोचल्यावर, वार्षिक सुट्टीत, बाजाराला किंवा पाहुण्यांकडे जाताना अपघात झाला तर स्पेशल मिळणं कठीण. अशा वेळी रेल्वेचं तिकीट, लीव्ह सर्टिफिकेट आणि पोलीस पंचनाम्यातली वेळ हे तीन कागद पहिल्याच दिवशी हाताशी घ्या. पगाराचं खाते डिफेन्स सॅलरी पॅकेजचं असेल तर त्यावर अपघात विमा असतो, त्याचा दावाही तेव्हाच लावा. हृदयविकाराला तो लागू नाही.

आता घरातलं. आईचं दुःख मी समजतो. अशा एका घरात सासूबाई माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, “झील माझो, आणि पेन्शन तिका?” मला उत्तर सुचलं नव्हतं. पण नियम साफ आहे. ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन विधवेची, पूर्ण. तिथे नॉमिनेशन बघत नाहीत, आणि आई-वडिलांना ती मिळते ती विधवा किंवा पात्र मुलं नसतील तरच. स्पेशल पेन्शनमध्ये वाटणीचा प्रश्न येऊ शकतो. तुम्ही स्पेशलसाठी अपील करणार म्हणजे हा विषय पुन्हा निघेल, आत्ताच घरात बसून बोला.

बाकी पैशांचं वेगळं आहे. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, ग्रुप इन्शुरन्स यांत नॉमिनेशन बघतात, आणि आपल्या पोरांची खोड अशी की भरतीच्या दिवशी आईचं नाव घातलं, लग्न झालं तरी बदललं नाही. फंडाचे आणि बँकेतले पैसे नॉमिनीने इतर वारसांच्या वतीने सांभाळायचे असतात, एकट्याने ठेवायचे नसतात. आणि हिंदू वारसा कायद्यात आई, विधवा आणि मुलं हे तिघेही पहिल्या वर्गाचे वारस, सारख्या हिश्श्याचे. वडील नाहीत. म्हणून आईला ‘तुझा काही हक्क नाही’ असं सरसकट सांगू नका, ते खोटं आहे. पेन्शनमध्ये नाही, या पैशांत आहे. चौदा वर्षांच्या नोकरीला ग्रॅच्युइटी महागाई भत्त्यासह वेतनाच्या वीस पट मिळते. ती पूर्ण मिळाली का, ते तपासा.

दुसऱ्या लग्नाचं. वहिनी बत्तीस-तेहेतीसची असेल. ‘लग्न केलंस तर पेन्शन जाईल’ हे वाक्य पुष्कळ घरांत धाक म्हणून वापरलं जातं. खरं असं आहे की ऑर्डिनरीमध्ये मूल असलेल्या विधवेने लग्न केलं तर पेन्शन तिच्याकडून मुलीकडे जाते, बंद होत नाही. मुलीला ती लग्न अथवा नेमाची कमाई होईपर्यंत मिळते. मूल नसलेल्या विधवेला तर, तिचं दुसरं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर, लग्नानंतरही चालू राहते. आणि स्पेशल असेल, मुलीला ती सांभाळत राहिली, तर लग्नानंतरही पूर्ण तिचीच. म्हणजे ते एक अक्षर बदललं की हा धाकही संपतो. वहिनीने नोकरी केली तरी पेन्शन थांबत नाही. थांबते असं कुणी सांगत असेल तर तेही ऐकू नका.

एका गोष्टीत कोकणातल्या बाया हमखास अडकतात, ते म्हणजे नाव. लग्नात नाव बदलायची आपली रीत. माहेरची सुनीता सासरी स्वाती होते. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि नवऱ्याने युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कुटुंबाची नोंद, केली तेव्हा घरात हाक मारतात ते तिसरंच. स्पर्शवर हे जुळत नाही आणि फाईल अडते. स्पर्श म्हणजे प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाची ऑनलाइन व्यवस्था, आता सगळं तिथूनच चालतं. उपाय असा की ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणी दाखला घ्या, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, लागलं तर राजपत्रात नाव बदला, आणि रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डर दुरुस्त करून घ्या. तुमची पेन्शन सुरू झाली आहे म्हणजे हे निभावलं असेल. तरी पीपीओवरचं नाव, जन्मतारीख आणि मुलीचं नाव एकेक अक्षर लावून बघा. मुलीच्या नावाची चूक आज दिसत नाही, पंधरा वर्षांनी दिसते.

आणि भावाचं सिमकार्ड बंद पडू देऊ नका. ओटीपी त्याच नंबरवर जातो. सड्यावर चढून रेंज मिळवायची आणि कळायचं की नंबर दुसऱ्या कुणाला गेलाय, हे मी पाहिलेलं आहे. वहिनीचा स्वतःचा नंबर आधी स्पर्शवर चढवा, मग काय ते करा. हयातीचा दाखला नोव्हेंबरात, मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो.

घरपट्टीचंही विचारून घ्या. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राज्याच्या २०२० च्या योजनेत मालमत्ता कर माफ आहे. ग्रामपंचायत आपणहून सांगत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही काढा, औषधोपचाराला उपयोगी पडतं. आयकराचंही एक आहे. ऑपरेशनल ड्यूटीवर गेलेल्याच्या विधवेची पेन्शन करमुक्त असते, तुमची आज नाही, अपिलाचा निकाल कसा लागतो त्यावर पुढे ठरेल.

अग्निवीरांबद्दल एक ओळ, कारण आता वाडीवाडीत पोरं जात आहेत. अग्निवीर सेवेत गेला तर कुटुंबाला पेन्शन नाही. ४८ लाखांचा विमा आणि मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर आणखी सानुग्रह रक्कम, पण महिन्याला काही नाही. पोरगा निघायच्या आधी आई-बापांना हे माहीत असावं.

तुम्ही आता रेकॉर्ड ऑफिसला पहिलं पत्र लिहा. अपील नाही, फक्त कागद मागणारं, वहिनीच्या सहीने. वरती भावाचा आर्मी नंबर, रँक, नाव, मृत्यूची तारीख आणि पीपीओ नंबर. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती वहिनीकडे ठेवा, तुमच्याकडे नको. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना द्या, तिथले कल्याण संघटक पुढचा मसुदा करायला मदत करतात आणि त्यांच्या शिक्क्याने गेलेल्या पत्राला उत्तर लवकर येतं. कागद आले की चौदा दिवसांचा तक्ता पहिला काढा आणि भावाच्या मोबाईलमधल्या मेसेजच्या तारखा त्याच्या शेजारी लिहा.